साहेबाने नेलेला नकार

त्याने मला फसवलं, मी त्याला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात गेलेल्या माणसावर कोणी लिहायला बसलं की शेवटच्या पानापर्यंत तो देवमाणूस झालेला असतो. संपादक बाई फोनवर म्हणाल्या, "काका, तुमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या बँडवाल्यावर लिहा ना. मजा येईल." मजा वाचणाऱ्याला येईल. मी तक्रार लिहितोय.

बऊबाजारात, सोनारांच्या गल्लीत, माझं गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करणं. सांगलीकडच्या आमच्या कोरड्या गावांतून माणसं ह्या धंद्यासाठी देशभर पांगली, तसा मी सतराव्या वर्षी इथे आलो. दुसऱ्याच्या भट्टीवर आठ वर्षं कोळसा फुंकला आणि मग स्वतःची भट्टी घातली. कोणाचा हात डोक्यावर नव्हता. कारागीर सोन्याचा कीस, तुटकी कडी, जुने दागिने घेऊन येतो. मी कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो, तेजाबाचा थेंब टाकतो आणि ह्यात सोनं किती ते सांगतो. तो म्हणतो, जास्त आहे. मी म्हणतो, "होबे ना." बंगालीत ह्याचा अर्थ, जमणार नाही.

माझ्या 'होबे ना'ला चार पायऱ्या होत्या. पहिला हलका, मान खाली ठेवून. दुसरा मान वर करून, डोळ्यात बघून. तिसऱ्याच्या आधी सांडस ऐरणीवर आपटायची, एकदा, मग दोनदा लागोपाठ, आणि मग म्हणायचं. चौथा मी म्हणतच नसे. त्याच्या जागी गप्प बसायचो. समोरचा माणूस त्या गप्प बसण्यातच खाली यायचा. ह्या चार पायऱ्यांवर मी घर बांधलं, मुलीला शिकवलं, गावाकडे विहीर पाडली. गल्लीत माझ्याहून जुनी दुकानं आहेत, पण माझ्यासारखा नकार कोणाकडे नव्हता.

तो साहेबाने नेला.

आमच्या गल्लीत हॅट घालणाऱ्या कोणालाही साहेब म्हणतात. ह्याची हॅट तपकिरी होती आणि ती तो जेवतानाही काढत नसे. अँग्लो-इंडियन माणूस, बाप रेल्वेत इंजिन चालवायचा. तरुणपणी हा खिदिरपूरच्या गोदीत जहाजांतून उतरणाऱ्या पेट्या मोजायच्या नोकरीवर होता. तिथे परदेशी खलाशांकडून त्याला तबकड्या मिळाल्या, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांच्या. रिदम अँड ब्लूज म्हणतात त्याला. ठेका असा की पाय आपोआप हलावा, आणि शब्द असे की बायको सोडून गेली, मालकाने काढून टाकलं, पाऊस गळतोय. तबकड्या ऐकून हा गायला शिकला, आणि ज्या देशात कधी पाऊल टाकलं नाही तिथल्या दुःखात आयुष्यभर सुखाने राहिला.

एके काळी पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत त्याचं मोठं नाव होतं असं तो सांगायचा. नंतर जमाना बदलला, हॉटेलवाल्यांनी बँड काढून टाकले, त्याच्या बरोबरचे वाजवणारे ऑस्ट्रेलियाला आणि कॅनडाला गेले. हा राहिला. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही गेलात? म्हणाला, "शेठ, तिकडे माझ्यासारखा प्रत्येक गल्लीत एक असेल. इथे मी एकटा आहे." धंद्याच्या दृष्टीने हे बरोबर होतं, म्हणून मला पटलं. एकच माल, एकच दुकान. फक्त गिऱ्हाईक नव्हतं.

वाजवणारे निघून गेल्यावर त्याने नवा बँड कसा उभा केला ते सांगण्यासारखं आहे. महात्मा गांधी रोडवर लग्नाच्या बँडची दुकानं आहेत. बिहारकडची माणसं लाल कोट घालून वरातीपुढे पिपाण्या वाजवतात. हा तिथे गेला आणि सात जण निवडून आणले. एक सॅक्सोफोनवाला, दोन ट्रम्पेटवाले, बाकी ढोल-बिल. इंग्रजी एकालाही येत नव्हतं. कोट त्यांचेच ठेवले, सोनेरी झालरीसकट, कारण नवे शिवायची ऐपत नव्हती. लोकांना वाटायचं ही काहीतरी मोठी कल्पना आहे. लग्नसराई लागली की हे सातच्या सात वरातींना पळायचे आणि साहेब एकटाच एका हॉटेलातली रविवार दुपारची मैफल उरकायचा. त्या दिवसांत तो पंचांग बघायचा. ख्रिस्ती माणूस, पण लग्नाचे मुहूर्त त्याला आमच्या भटजीपेक्षा जास्त पाठ.

हा बँड घेऊन तो माझ्याकडे आला, कारण माझ्या दुकानाचा वरचा मजला रिकामा होता.

"इथे थोडा आवाज केला तर चालेल?"

"थोडा म्हणजे किती?"

"आठ माणसांचा."

भाड्यावर तो एक शब्दही बोलला नाही. मी सांगितलं, त्याने मान हलवली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. जो भाड्यावर घासाघीस करत नाही त्याला दुसरंच काही न्यायचं असतं. पण मी म्हटलं, गाणारा माणूस, व्यवहारात कच्चा असणार.

भांडण लागलं ते वेळेवरून. माझा तोलायचा काटा इतका नाजूक आहे की पंख्याच्या वाऱ्यानेही शेवटचा आकडा हलतो. म्हणून त्याला काचेचं घर आहे. पण वर मोठा ढोल वाजला की तुळया थरथरायच्या आणि काचेच्या घरातही तो आकडा नाचायचा. निताईदा म्हणून एक म्हातारा कारागीर वीस वर्षं माझ्याकडे येतो. तो म्हणाला, "शेठ, आज तुमचा काटा पिऊन आलाय." त्या दिवशी मी वर जाऊन ढोलाचं कातडं फाडायच्या बेतात होतो. शेवटी ठरलं की माझं तोलणं चालू असेपर्यंत ढोल नाही.

आणि मग दर महिन्याच्या एक तारखेला साहेब खाली येऊ लागला.

"शेठ, ह्या महिन्यात दुपारी दोनपासून वाजवू?"

"होबे ना."

तो डोळे मिटायचा. "काय म्हणालात?"

"होबे ना."

"तीनपासून?"

मी सांडस आपटायचो. टक्. टक्-टक्. "होबे ना."

"पुन्हा एकदा सांगा, मला नीट ऐकू आलं नाही."

बँडवाल्यांचे कान जातातच, हा बहिरा होत चालला असेल, असं समजून मी आणखी जोरात म्हणायचो. मग गप्प बसायचो. तोही गप्प बसायचा, डोळे मिटून, बोटाने मांडीवर काहीतरी मोजत. शेवटी पाच ते सात ठरायचं. दर महिन्याला पाच ते सातच ठरायचं. नऊ वर्षं. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज पुन्हा साहेबाला पाच वाजेपर्यंत थांबवलं. ती म्हणायची, "मग तो पुढच्या महिन्यात परत का येतो?" तुला धंद्यातलं कळत नाही, असं मी तिला म्हणालो होतो. ते वाक्य मी आता मागे घेतो, पण छापून घेतोय म्हणजे तिच्यासमोर घ्यायला नको.

त्याची शिकवायची पद्धत मला जिन्यावरून ऐकू यायची. कागदावर लिहिलेलं काही नाही. ट्रम्पेटवाल्याला म्हणायचा, "ठेक्याच्या बरोबर येऊ नकोस. ट्राम सुटू दे, मग दोन पावलं पळ आणि दांडा पकड." तो बिहारी बिचारा महिनाभर ट्राम चुकवत होता. एके दिवशी त्याला ती सापडली. खाली तेजाबाची बाटली हातात असताना माझा पाय हलला. कामात असं होणं बरं नाही.

चुकणाऱ्याला शिक्षा एकच, पुढचं गाणं लोकांकडे पाठ करून वाजवायचं. हॉटेलातही. एका रविवारी तो स्वतः दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरला. थांबला, हॅट सरळ केली, वळला आणि सबंध पुढचं गाणं भिंतीकडे तोंड करून म्हटलं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. सॅक्सोफोनवाला मला सांगत होता की त्या दिवशी भिंतीवरून आवाज परत येऊन फार छान लागला, म्हणून पुढे साहेब मुद्दाम चुकायचा.

म्हणजे बघा. शिक्षेतूनही नफा काढणारा माणूस, आणि मी त्याला कच्चा समजत होतो.

आता अंगठीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय माझी तक्रार कळणार नाही.

एका दुपारी तो खाली आला. तारीख एक नव्हती. त्याने खिशातून रुमाल काढला आणि त्यातून एक अंगठी माझ्या पेटीवर ठेवली. बायकोची. ती जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ती बँडमध्ये त्याच्या शेजारी उभी राहून गायची, असं मी ऐकून होतो.

"ही वितळवा," तो म्हणाला. "ट्रम्पेटला जिथे ओठ लावतात ना, तेवढ्या तुकड्यावर हिचा मुलामा चढवायचा आहे. म्हणजे ती परत बँडमध्ये येईल."

असल्या मागण्या मी ऐकलेल्या आहेत. लोक सोन्याचं काय काय करायला सांगतात. मी दगडावर रेघ ओढली, थेंब टाकला. खऱ्या सोन्याची रेघ थेंबाखाली टिकते. ही हिरवट झाली आणि गेली. मी दुसरी ओढली, तीही गेली. आत एक झिजलेला शिक्का होता. जुन्या विलायती अंगठ्या अशाच असायच्या, नऊ कॅरटच्या.

"साहेब, हे होबे ना," मी म्हटलं. सांडस हातात घेतली नाही. आवाजही चढवला नाही.

त्याने डोळे मिटले नाहीत. पुन्हा म्हणा, असंही म्हणाला नाही. "किती सोनं आहे?" त्याने विचारलं.

"शंभरात साडेसदतीस."

"आणि बाकीचं?"

"तांबं, थोडी चांदी. जे हाताशी असेल ते."

तो बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिला. मग हसला. "शंभरात साडेसदतीस. म्हणजे लग्न त्या मानाने बरंच बरं झालं म्हणायचं." अंगठी उचलून करंगळीत घातली आणि वर गेला. त्या दिवशी पाच वाजले, सात वाजले, वरून आवाज आला नाही. काट्याचा आकडा एकदाही हलला नाही, तरी मी दोनदा तपासला.

ह्यात मी कुठे चुकलो ते कोणीही दाखवावं. न सांगता वितळवून हातात बहुतेक तांबंच दिलं असतं, तर ती फसवणूक झाली असती. मी खरं सांगितलं. पाव आणा कमी नाही, जास्त नाही.

काही महिन्यांनी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, सगळे त्या साहेबाचा नवीन गाणा ऐकायला जातात, आपण पण जाऊ." ती सॉल्ट लेकला सेक्टर फाईव्हमध्ये नोकरी करते. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी घरापुरतं. रविवारी दुपारी आम्ही त्या हॉटेलात जेवायला गेलो. नऊ वर्षं तो माझ्या डोक्यावर वाजवत होता, पण समोर बसून मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तिसरं की चौथं गाणं असेल. साहेब पुढे आला, हात जोडल्यासारखे केले आणि इंग्रजीत काहीतरी विनवणी केली. मागून सात लाल कोटवाले एकदम म्हणाले, "होबे ना." हलकं, मान खाली ठेवून. त्याने पुन्हा विनवलं. त्यांनी मान वर केली. "होबे ना." मग ढोलवाल्याने काठी ढोलाच्या कडेवर मारली. टक्. टक्-टक्. माझा हात वरणाच्या वाटीवर होता तो तिथेच राहिला. तिसरा 'होबे ना' पिपाण्यांनी घेतला, शब्दाशिवाय, आणि त्यात माझा आवाज जिथे फाटतो तिथे तो फाटलासुद्धा. आणि चौथ्याला सगळा बँड बंद. पूर्ण शांतता. साहेब डोळे मिटून उभा, बोटाने मांडीवर मोजतोय.  मग हॉटेलातल्या लोकांनीच 'होबे ना' ओरडून ती जागा भरली.

माझ्या चारही पायऱ्या होत्या. एकही कमी नाही.

"काय म्हणतोय तो?" मी मुलीला विचारलं.

ती आधी हसत होती, मग माझ्याकडे बघून थांबली. "बाबा, तो आपला बायकोचा अंगठी घेऊन दुकानात जातो. बोलतो, हे माझा प्रेम आहे, किती आहे सांग. दुकानवाला दगडावर घासतो आणि बोलतो... ते. तो परत विचारतो, दुकानवाला परत ते."

"आणि शेवटी?"

"शेवटी तो अंगठी परत घालून घरी जातो. बोलतो, थँक्यू, तू नाही घेतला म्हणून माझ्याजवळ राहिला."

"म्हणजे दुकानवाला चांगला की वाईट?"

तिने विचार केला. "क्लिअर नाही केला, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. साहेब बनियनवर बसून चहा पीत होता, हॅट डोक्यावर.

"गाण्यातला तो दुकानदार मी आहे," मी म्हटलं.

"छे, तो आपला कोणताही दुकानदार आहे."

"कोणताही दुकानदार सांडस आपटत नाही. एकदा आणि मग दोनदा."

"शेठ, मी ट्रामकडूनही घेतलंय. ट्राम कंपनी अजून भांडायला आली नाही."

"ट्रामचं गिऱ्हाईक ट्रामला हसत नाही. माझं हसेल. गाणं बंद करा."

तो म्हणाला, बंद होणार नाही. मी म्हटलं, मग शब्द बदला. तो म्हणाला, शब्द बदलला तर गाणं मरेल. चहा थंड होईपर्यंत आमचं चाललं होतं. शेवटी मी त्याला एवढ्यावर आणलं की टक्-टक् काढून टाकायचं. त्याने हात पुढे केला. मी खाली उतरताना जिंकल्यासारखा उतरलो.

पुढच्या रविवारी मी खात्री करायला गेलो. त्याने शब्द पाळला होता. ढोलवाला त्या जागी हाताची घडी घालून उभा राहिला. आणि हॉटेलातल्या झाडून सगळ्या लोकांनी चमचे उचलून प्लेटवर आपटले. टक्. टक्-टक्. साहेबाने माझ्याकडे बघून हॅटला हात लावला. एवढ्या वर्षांत मी अनेकांना करारात अडकवलंय, पण करार पाळून मला नागवणारा हा एकच.

मग कोणीतरी फोनवर त्याचं चित्रण करून सगळीकडे पाठवलं. महिनाभरात ते आमच्या गल्लीत आलं. एक दिवस निताईदाने कीस आणला. मी दगड बघितला आणि म्हटलं, "होबे ना." वीस वर्षं ह्या शब्दावर खांदे पाडणारा तो म्हातारा माझ्या तोंडावर हसला, आणि साहेबासारखे हात जोडून पुढची विनवणी गायला लागला. शेजारच्या तीन दुकानांतून हातोड्या वाजल्या. मी गप्प बसलो, तर त्यांनी गप्प बसण्यातही टाळ्या वाजवल्या.

हसणाऱ्या माणसाशी घासाघीस करता येत नाही. हे धंद्यातलं पहिलं सत्य आहे. मी हिंदीत म्हणून बघितलं, 'नहीं होगा'. त्यात दम नाही. मराठीत म्हटलं, 'जमणार नाही'. निताईदाने विचारलं, हे दुसरं कडवं का? शेवटी मी नुसती मान हलवायला लागलो. मान हलवून कोणी खाली येत नाही.

साहेबाला मी हे सगळं सुनावलं. एक तारखेला तो यायचाच. तो म्हणाला, "शेठ, तीस वर्षं तुम्ही खऱ्यालाही तेच म्हणत होतात आणि खोट्यालाही तेच. मी फक्त त्याला चाल लावली." मी त्याला दुकानातून बाहेर जायला सांगितलं. तो गेला. पुढच्या एक तारखेला परत आला, दुपारी दोनची वेळ मागायला. म्हणजे त्याच्याकडे माझं सगळं होतं, तरी अजून ऐकायचं होतं.

मागच्या थंडीत तो गेला. ताप आला, न्यूमोनिया झाला, चार दिवसांत संपलं. दफनाला सकाळी मी गेलो होतो. सातही जण लाल कोट घालून आले होते. ऐन लग्नसराई होती, सगळ्यांनी त्या दिवसाच्या वराती सोडल्या होत्या. त्यांनी वाजवलं ते गाणं मला माहीत नव्हतं आणि त्यात मी नव्हतो. पेटी बंद करायच्या आधी मी करंगळीकडे बघितलं. अंगठी होती. बघितलं कारण सवय आहे, दुसरं काही नाही.

आता बँड सॅक्सोफोनवाला चालवतो. एक तारखेला तोही खाली आला. मी सांडस जवळ घेऊन बसलो होतो. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "शेठ, तुम्ही जी वेळ द्याल ती." मी म्हटलं, पाच ते सात. तो बरं म्हणाला आणि गेला. एवढ्या झटकन मी आयुष्यात कुठलाच सौदा जिंकलो नव्हतो. नंतर मी काटा पुसत बसलो.

तरीही हे सगळं मी पचवलं असतं. अंक दिवाळीचा आहे, मीही गोड लिहिलं असतं. पण पंधरा दिवसांपूर्वी एक बाई आली.

हावड्याकडची, पन्नाशीची, साधी साडी. पिशवीतून चार बांगड्या काढल्या. तिची आई उन्हाळ्यात गेली, तिच्या बांगड्या. मुलीचं लग्न ठरलंय, त्यांचा सेट करायचाय, सोनाराने आधी गलाईवाल्याकडून तपासून आणायला सांगितलं. बांगड्या वजनदार होत्या. मी एका बांगडीवर जरा खोल घासलं. वर मुलामा, आत पितळ. दुसरी तशीच, तिसरी तशीच, चौथीही. कधीतरी घरच्या अडचणीत आईने खऱ्या मोडल्या असतील आणि हातात ह्या घातल्या असतील. असं मी अनेक घरांत बघितलंय. मुलांना कोणी सांगत नाही.

मी तिला सांगितलं, "दीदी, होबे ना."

ती हसली. खूप छान हसली. म्हणाली, "अरे, ते गाण्यातले तुम्हीच का? माझी मुलगी दिवसभर म्हणते." आणि तिने फोन काढला, मुलीला दाखवायला.

मी पुन्हा म्हटलं. हळू म्हटलं. तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "ते ठोकून म्हणा ना."

तिसऱ्यांदा मी काहीच म्हटलं नाही. दगड तिच्यापुढे केला. त्यावर चार बांगड्यांच्या चार रेघा ओढल्या होत्या आणि तिच्यासमोर चारींवर थेंब टाकला. ती फोन धरून बघत राहिली. रेघा गेल्या. तिचं हसणं मात्र तोंडावर तसंच राहिलं, कारण ते कुठे ठेवायचं तिला कळत नव्हतं. मग तिने फोन आधी खाली केला, मग बंद केला, मग बांगड्या एकेक करून पिशवीत टाकल्या. त्या वाजू नयेत म्हणून हात पिशवीत घालून ठेवला. मला म्हणाली, "माफ करा, मला वाटलं तुम्ही गंमत करताय." माझी माफी मागून ती गेली.

साहेबाला मी खरं सांगितलं तेव्हा तो हसला, पण त्याला आधी ते खरं वाटलं होतं. ह्या बाईला माझं खरं वाटायला दोनदा हसावं लागलं.

ह्याचं उत्तर कोणीतरी द्यायला हवं. साहेब सुटला. सॅक्सोफोनवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, शेठ, तुम्ही म्हणाल ती वेळ. राहिले ते रविवारी दुपारी जेवायला जाऊन प्लेटवर चमचे आपटणारे. त्यांत तुमच्यातले बरेच आहेत, मी तोंडं ओळखतो. ह्या वर्षी आपल्या गणपतीत करमणुकीच्या कार्यक्रमात ते गाणं मंडळानेच वाजवलं आणि बँकेतल्या, विम्यातल्या, रेल्वेतल्या मोठमोठ्या साहेबांनी उभं राहून ती चौथी जागा ओरडून भरली. संपादक बाई, पहिल्या रांगेत तुम्ही होता.

त्या बाईला मी काय म्हणायला हवं होतं, म्हणजे तिला पहिल्याच वेळी ते खरं वाटलं असतं? कोणता शब्द उरलाय, ज्याला अजून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत? फोन नको, पत्र नको. तुमच्यापैकी एकाने दुकानात यावं, समोर बसावं, आणि तो शब्द माझ्या तोंडावर म्हणून दाखवावा. दुकान दहाला उघडतं.